ढेरीला बढती

नल्लकुंटा, हैदराबाद

प्रिय हिम्मतराव यांस,

सप्रेम नमस्कार. नांदेडला सगळे मजेत असाल, वहिनींचे गुडघे जिना चढू देत असतील. इकडची खुशाली छातीचा भाग वगळून समजावी.

तक्रार अशी, की मला धड भाजी घेता येत नाही. खांद्याला सध्या एक पिशवी असते. तिच्यातलं यंत्र नळीने माझ्या जखमेतली घाण ओढतं आणि सारखं घुरघुरतं. भेंडी निवडायला वाकलो की भाजीवाली म्हणते, "अंकल, फोन बज रा." मी म्हणतो, "फोन नै अम्मा, सीना." तिला माझी दया येते, पण भेंडीचा भाव तोच राहतो.

बायपासच्या वेळी छातीचं हाड कापून तारांनी परत बांधलं, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यात जंतूंनी बिऱ्हाड थाटलं. वर्ष होत आलं, गोळ्या चालू असल्या की जखम मिटते, थांबवल्या की वाहते (भाडेकरूही नोटीस मिळाली की चार दिवस गावाला जाऊन येतात). आता ठरलंय की तारा काढायच्या, सडलेलं हाड खरवडायचं आणि खड्डा बुजवायला पोटातला, आतड्यांवरचा चरबीचा पडदा वर ओढून बसवायचा. त्याला रक्तपुरवठा चांगला असतो म्हणे. हृदयाचे डॉक्टर वर्षभर पोट कमी करा म्हणून मागे लागलेत. प्लास्टिक सर्जननी तेच पोट दाबून पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "बागुंदी, छान आहे, पुरेल." दोघे एकाच खोलीत, एकाच पोटाकडे बघत उभे होते. मी कुणाचं ऐकायचं, ते कुणी सांगितलं नाही.

तेव्हा हिम्मतराव, गेली वीस वर्षं भर पंगतीत या ढेरीला तुम्ही जे जे म्हणालात, ते लेखी मागे घ्या. तिला बढती मिळते आहे, तीही थेट हृदयाशेजारी.

ऑपरेशन गुरुवारी आहे. किरकोळच आहे, येण्याची तसदी घेऊ नये.

आपला,
भगवंत

ता. क. बुधवारपर्यंत पोचलात तर बरं होईल. तुमची बहीण भामा हल्ली माझ्या पोटावर बोलत नाही. काल मी तिसऱ्यांदा भात मागितला, तर तिने मुकाट्याने वाढला. तेव्हापासून मला भीती वाटते आहे. गुरुवारी तिच्याजवळ बसा आणि ढेरीवर सुचेल ते बोला. मागे घ्यायचं ते शुक्रवारी बघू.

आणखी ता. क. आपल्या संदेशच्या लग्नात माझ्या शर्टावर आलेला जखमेचा डाग बघून तुम्ही काही न विचारता आपला रुमाल माझ्या खिशात सरकवला होता. त्याच्याऐवजी नवा सोबत ठेवला आहे. जुना परत करण्यासारखा राहिला नाही.