केळ्यांचे पारडे

वटार, बुधवार, पौष महिना, सन १९५३.

मी दामोदर हरी, वय एकाहत्तर, बागायतदार, मराठी चौथी उत्तीर्ण, आज सायंकाळी घडले ते लिहितो.

तान्ह्याचे वजन केले की नजर लागते, असे स्टेशनाजवळच्या झोपड्यांतील बायका मानतात. नर्सबाईंचा काटा दिसताच पदर पुढे होतो. मी बाईंना सुचविले, "वजन म्हणू नका, तुला म्हणा." नवसाच्या तुलेला कोणती आई नको म्हणेल? तुलेची फळे मागाहून बाईंनी काट्यावर तोलावीत, मात्र देवाला न वाहता ती आईनेच खावीत, असे ठरले.

शेजारी इनास यांनी माझी तागडी झोपड्यांपुढील चिंचेला बांधली. एका पारड्यात केळी, दुसऱ्यात राधेचा सहा महिन्यांचा मुलगा. केळ्यांचे पारडे खाली आपटले. मी एक फणी काढली. पारडे हलले नाही. आणखी एक काढली.

राधा हसून म्हणाली, "आजा, माजा पोर हलका, का तुमची केली जड?"

"केळी जड आहेत," मी म्हणालो. मी खोटे का बोललो? नर्सबाईंनी तिला दर बुधवारी दूध न्यावयास बोलाविले आहे. ती येईल ना?

फण्या काढणे पुरे झाले. एखाद्या बुधवारी मी फणीवर फणी चढवीत जावे, आणि तरीही मुलाचे पारडे भुईलाच टेकलेले असावे. एवढेच पाहावयाचे आहे.

समक्ष हजर: नर्सबाई, इनास, राधा, आणि तिचा मुलगा, ज्याने तुला होईपर्यंत माझे बोट सोडले नाही.