परवडणारं कॉलेज

दिल्ली, मंगळवार

प्रिय स्वप्ना,

अनुष्का आणि मी, दोघं धडधाकट आहोत, हे आधी वाच. उमेळ्याला आईचा गुडघा कसा आहे?

राज्यशास्त्राला खासगी कॉलेजात वर्षाला चार लाख लागतात, सरकारी कॉलेजात बारा हजार. सरकारी बघायला गेलो, तर फाटकातच विद्यार्थ्यांच्या दोन गटांत काठ्या चालल्या होत्या. एकाचं डोकं फुटलं. तेवढ्यात एका तरुणाने अनुष्काचा दंड धरला. मी छत्रीने त्याच्या तोंडावर मारलं. तो पडल्यावरही दोनदा मारलं. तो तिला मारामारीतून बाहेर ओढत होता, हे नंतर कळलं.

मी म्हटलं, “हे कॉलेज नको.”

“बाबा, इथे मला भीती वाटली ती फक्त तुमची,” अनुष्का म्हणाली.

तिथलाच फॉर्म भरला. त्या तरुणाला सात टाके पडलेत. आता त्याच्याकडे निघालोय. आईला सांगू नकोस.

तुझा,
जितेंद्र