खिडकीतली पळी

आबा,

तुम्हाला 'तुम्ही' म्हणायची सवय जीभ सोडत नाही, नाहीतर आज सरळ अरेतुरेवर आले असते. नातीसाठी झोपाळा टांगायचा म्हणून सुतार आला होता. इथे सासरी, लोटे गावात, लाईट जाते तशी आजही गेली, भोक पाडायचं मशीन बंद पडलं, मग त्याने पिशवीतून हाताने फिरवायचं गिरमिट काढलं आणि माळ्याच्या जाड तुळईला लावलं. मला म्हणाला, "काकू, वायच बाजूला उभ्या राहा नि सांगा, सरळ जातंय का." घरातल्या सगळ्यांसमोर, मोठ्याने, इतक्या सहज! मी सांगत गेले, भोक पडलं, तो चहा पिऊन गेला. माझं डोकं मात्र जे तापलंय ते उतरायचं नाव घेत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला बसावंच लागलं.

आठवते का खाडीकाठची आपली शेड? त्या वर्षांत जो तो होडीला इंजिन बसवत होता. इंजिनाचा दांडा बाहेरच्या पंख्यापर्यंत न्यायचा तर होडीच्या मागच्या लाकडातून आरपार भोक लागायचं, आणि लाकूड चांगलं हातभर जाड. तुम्ही लांब गिरमिटाची आडवी मूठ दोन्ही हातांनी फिरवायचात, मध्येच ओढून भुसा झाडायचात. फिरवणाऱ्याला डावं-उजवं दिसतं, पण गिरमिट वर चढतंय की खाली झुकतंय हे त्याला कळत नाही. ते बाजूने बघणाऱ्यालाच दिसतं. तुमच्या बाजूला होती स्वयंपाकघराची खिडकी, आणि खिडकीत मी. बाईमाणसाने नव्या होडीला हात लावायचा नाही, शेडीत पाऊल टाकायचं नाही, हा तुमचा नेम. म्हणून युक्ती काढलीत. मी पळी उचलली की मूठ वर, उतरवली की खाली, आडवी धरली की चालू द्या. आमटी करपली म्हणून आईची बोलणी खायची, पण नजर काढायची नाही. आणि बाहेर बोलबाला कुणाचा? "सुताराचा हात बघा, दोरी धरल्यासारखं भोक!" तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचात. मला कधी एक शब्द? नाव नको.

मग त्या बड्या नाखव्याची होडी आली. भोक पाडायच्या दिवशी तो आपली माणसं घेऊन येतो, नारळ फुटतो, गूळखोबरं वाटलं जातं. आणि तुम्ही येऊन खिडकी बाहेरून लावून घेता. का, तर पोरगी पळी हलवताना कुणाला दिसली तर सुताराची अब्रू जाईल. मी आतून खिडकी ठोकते, आई माझा हात धरते. फटीतून मला सगळं दिसतंय, मूठ वर चाललीय, वर चाललीय, आणि तुम्ही आपले जोर लावून फिरवताय. टोक होडीच्या आत निघालं ते तिथे आखलेल्या खुणेच्या पार खाली. खालची कड चिरली, लाकूड वाया गेलं. तेव्हा तुम्ही तोंड उघडलंत. "काय करायचं, नाखवा. घरात पोरगी बाहेरची हाय. सकाळी शेडीत येऊन गेली."

आबा, मी बाहेरची नव्हते. शेडीत तर जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. वाडीतल्या एवढ्या पुरुषांसमोर तुम्ही स्वतःच्या पोरीची पाळी सांगितलीत, आणि तीही खोटी! जीभ कशी झडली नाही तुमची? नाखवा म्हणाला, "मग तुमचा काय दोष?" गोमूत्र शिंपडलं, संपलं. तुमचा हात सरळ राहिला आणि विटाळ माझ्या कपाळी आला. मासळीवाल्या बायका मला टोपलीला हात लावू देईनात. कुठलीही होडी पाण्यात उतरायची असली की माझी रवानगी मावशीकडे. लग्न होऊन इकडे आले तेव्हा कुठे सुटले.

आणि नवं लाकूड बसल्यावर? सकाळी येऊन तुम्ही खिडकी उघडलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "पळी घे गो." एवढंच! मी घेतली. मनात आलं होतं, मुद्दाम उलटी हलवावी, बुडू दे यांचं नाव खाडीत. पण गिरमिट तिरकं जाताना मला बघवत नाही, ही खोड तुमचीच. नाखवा आपल्या माणसांबरोबर होडीत खुणेजवळ वाकून बसला होता, तो आतून ओरडला, "आला! खुणेवर आला!" मग सगळ्यांना पटलं, शुद्धी केली म्हणून भोक सरळ गेलं. शुद्धी म्हणे! माझ्या पळीवरून अजून आमटी गळत होती.

हे कुठे पाठवायचं नाही, पाठवणार तरी कुठे? मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. फक्त एक गोष्ट मी आईलासुद्धा कधी सांगितली नाही, कारण ती सांगितली की माझं भांडण लंगडं पडतं. नाखवा ओरडला तेव्हा तुम्ही त्याच्याकडे नाही, आधी खिडकीकडे बघितलंत. आणि मी हसले होते.