न वाळणारं सारवण

मु. बोरखडी, ता. दारव्हा
भाद्रपद वद्य, सन १९६१

रा. रा. बापूजी व्याही यांस,

किसनरावाचा बोरखडीहून रामराम. इकडे आम्ही सर्व ठीक, म्हणजे खाटेवर ठीक (खाटेखाली ठीक नाही, ते पुढे येईलच). आपलं पाठीचं दुखणं कसं आहे? विहीणबाईंचा खोकला थांबला का? तांबडी गाय व्याली असेल, गोऱ्हा झाला की कालवड तेही कळवावं. आमची सूनबाई, म्हणजे तुमची बेबी, आमच्या गोविंदाबरोबर, म्हणजे तुमच्या जावयाबरोबर, सुखरूप पोचली असेल. ती अशी मधेच माहेरी का आली हे तिनं सांगितलं असेल, आणि सांगितलं नसेल तर चेहऱ्यावरून तुम्ही ओळखलं असेल. ती परत येते की नाही, या एका विचारानं या घरातली दोन म्हातारी माणसं अर्ध्या जेवणावरून उठतात. पण त्या विषयाला हात घालण्याआधी पाण्याची हकीकत सांगतो, कारण खापर मला पाण्यावरच फोडायचं आहे.

आमच्या गावाला भीती माहीत ती एकच, नाल्याची. नाला चढला की दिसतो, त्याचा आवाज येतो, आणि त्याला शिव्या देता येतात. यंदा श्रावणभर पावसानं दम घेतला नाही, तेव्हा मी दारापुढे काळ्या मातीची गुडघ्याएवढी पाळ घातली, धुमसानं ठोकून ठोकून घट्ट केली (शेजारचे बघायला आले, दोघांनी तशीच आपल्या दारी घातली), आणि नाल्याकडे तोंड करून पहारा देत बसलो. नाला काही आला नाही. पाऊस उघडला, ऊन पडलं, मी मिशीवरून हात फिरवला आणि बेबीला म्हटलं, आता घर सारवून घे.

इथून आमचं बिघडलं. पोरीनं सकाळी सगळं घर सारवलं, बाहेरचा उंच ओटाही सारवला. संध्याकाळी घरात पाय ठेवावा तर पाऊल उमटे. दुसऱ्या दिवशी तेच. बाहेर ऊन इतकं की कपडे कडक वाळताहेत, आणि आत सारवण ओलंच्या ओलं. आमच्या घरची (इंदूचा स्वभाव आपण लग्नातच पाहिला आहे) कंबरेवर हात देऊन म्हणाली, "काहून वं, तुह्या मायनं तुले सारवनं नाही शिकवलं? शेनात पानी घालते का पान्यात शेन?" मी त्या वेळी तोंड मिटून बसायला पाहिजे होतं. पण मी म्हटलं, तिच्या माहेरच्या गावाला, लोणखेडला, पातळच सारवत असतील. (हे वाचून आपण रागवाल. रागवा, पण पत्र पुढे वाचा.) बेबीनं पुन्हा सारवलं, राख घालून. वाळलं नाही. तिसऱ्यांदा सारवलं, भुसा घालून. वाळलं नाही. मग तिनं हात धुतले, गोविंदाला गाडी जुंपायला सांगितली, आम्हा दोघांच्या पाया पडली आणि निघाली. पाया पडून गेली, तेच आम्हाला जास्त लागलं.

गाडी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी इंदू चूल पेटवायला बसली तर चुलीत पाणी. मला वाटलं हिनंच सांडलं. तसं म्हणालोही (त्याचं उत्तर मिळालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही). दुपारी देवघराच्या कोपऱ्यात डबकं आणि संध्याकाळी मधल्या घरात घोट्याएवढं पाणी. तेही नितळ, अगदी झऱ्याचं! म्हणजे नाल्यावर पहारा मी देत होतो, आणि पाणी पाठीमागून, घराच्या पोटातून वर आलं. माझ्या पाळीनं मात्र आपलं काम चोख बजावलं. बाहेरचा थेंब तिनं आत येऊ दिला नाही आणि आतला थेंब बाहेर जाऊ दिला नाही. शेवटी ती मीच कुदळीनं फोडली, आणि ठोकली होती इतकी पक्की की फोडताना माझ्या कंबरेत उसण भरली. शेजारच्या दोघांनीही आपापल्या पाळी फोडल्या. त्यांनी मला काय म्हटलं तेही लिहिण्यासारखं नाही.

ग्रामसेवक सायकल खांद्यावर घेऊन आले. चांगला माणूस आहे. त्यांनी सांगितलं की पावसानं जमीन तुडुंब भरली आहे, हे पाणी खालून येतं, तेव्हा उपसू नका. उपसाल तितकं वर येईल, आणि येताना भिंतीच्या पायाखालची माती घेऊन येईल. खाटा मातीच्या भिंतीपासून लांब घाला, गुरं बाहेर बांधा. मी हो हो म्हटलं, आणि ते दिसेनासे होताच घमेलं घेऊन उपसायला बसलो. दिवसभर घरातलं पाणी अंगणात टाकलं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळं पुन्हा घरात आलं. पहाटे गोठ्याची मागची भिंत खाली बसली. गुरं बाहेर बांधली होती, इंदूनं. मी नव्हती बांधली.

विहिरीचं तर काय सांगावं! पाणी इतकं वर आलं की बाया वाकून तांब्यानं भरू लागल्या, दोर नको की बादली नको, सगळ्या खूश. मग गावात एकेकाचं पोट बिघडलं, कारण गोठ्या-उकिरड्याचं सगळं त्या भरलेल्या जमिनीतून विहिरीतच उतरत होतं. ग्रामसेवकांनी विहिरीत लाल औषध टाकलं आणि पाणी उकळून प्या म्हणाले. उकळायला चूल पाहिजे, आणि चुलीत पाणी! आता ओट्याच्या टोकाला तीन दगड मांडून इंदू तिथे उकळते.

राहिली जवारी. वर्षाची सगळी अंगणातल्या पेवात, जमिनीखाली. टेकडीवरच्या तांड्याचा नायक धरमसिंग (लग्नात ज्यानं तुमच्या गाडीचं मोडलेलं चाक नीट केलं तो) धावत आला. "किसनराव, घरात पानी उभं हाय अन् जवारी जमिनीत. कायची वाट पाहून राह्यले?" मी म्हटलं, आजोबांचं पेव आहे, त्यात पाणी शिरत नसतं. त्यानं ऐकलं नाही, तोंडावरचं झाकण काढलं. आंबूस गरम वास आला. मी धोतर खोचून उतरायला लागलो तर त्यानं मागून कासोटाच धरला आणि दोरीला बांधून आधी कंदील सोडला. कंदील विझला. मी म्हटलं, रॉकेल खराब आहे. पुन्हा पेटवला, पुन्हा तिथेच विझला. "दिवा जगत नाही तिथं तुम्ही जगान काय?" असं त्यानं विचारलं, आणि मी पेवाच्या तोंडापासून मागे सरलो. मग झाकण उघडं ठेवलं, दोरीनं निंबाचा पाल्यासकट तोडलेला डगळा खालीवर करून वारा घातला आणि कंदील खाली जवारीला टेकेपर्यंत जिता राहिला तेव्हाच तो स्वतः उतरला. तळची जवारी मोडावली होती, वरची वाचली. ती आता तांड्यावर भुरीबाईच्या, म्हणजे धरमसिंगाच्या बायकोच्या, अंगणात वाळते आहे. माझा जीवही वाचला, हे मी इंदूला अजून नीट सांगितलेलं नाही.

बाकी सर्व क्षेम. विहीणबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
किसनराव

ता. क. — बेबीला घटस्थापनेआधी पाठवावं, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. इंदूनं काल स्वतःच्या हातानं मधलं घर सारवलं, घट्ट शेणानं. वाळलं नाही. गोविंदा नुसता पोचवायला आला होता, तो तिथेच मुक्काम ठोकून बसलेला दिसतो. त्यालाही त्याच गाडीत घालावं.

आणखी — पत्र इंदूला वाचून दाखवलं. पेवाचं ऐकून तिनं कंदील उचलून स्वतःच्या उशाशी ठेवला. मग म्हणाली, ओटा बेबीनं त्याच दिवशी, त्याच शेणानं सारवला होता, अन् तो त्याच संध्याकाळी खणखणीत वाळला, तवाच मले समजाले पाह्यजे होतं. हे तिनं तुम्हाला लिहायला सांगितलेलं नाही. लिहू नका असंही म्हणाली नाही.

शेवटचं — लोणखेड आमच्याच नाल्यावर आहे, आणि आमच्याहून खाली. तुमच्या घरातलं सारवण वाळतं का ते आजच बघा. वाळत नसेल तर विहीणबाईंना बोलू नका, पेव उघडा, आणि आधी कंदील सोडा. भिंतींचा भरवसा वाटत नसेल तर बेबीला एकटीला पाठवू नका, सगळेच या. कोरडा असा एक ओटाच आहे आमच्याकडे, पण तो तुमच्या मुलीनं सारवलेला आहे.