फेनेमान घराण्यातल्या लेकींच्या सह्या

मी, आर्नोल्ड बर्नहार्ड फेनेमान, वय ब्याऐंशी, धंदा बरण्यांची झाकणे बनवण्याचा कारखाना, राहणार होल्टरबेक, वेस्टफालिया, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. टाइप केलेले आमच्या कायद्याला चालत नाही, तेव्हा अक्षर वाकडे आले तरी वाचणाऱ्याने गोड मानून घ्यावे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही, असे म्हणण्याची रीत आहे. मला तसे म्हणता येत नाही. मला लाज वाटते आणि तिच्याच दबावाखाली मी लिहायला बसलो आहे. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

घाईचे कारण असे. येत्या सोळा नोव्हेंबरला माझी नात विब्के अठरा वर्षांची होते. त्याच सकाळी माझा मुलगा योर्न याने तिच्यासाठी नोटरीकडे वेळ घेतली आहे. पुढे कारखाना तिचा धाकटा भाऊ सांभाळणार, म्हणून हिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आणि मग घरी येऊन केक कापायचा, असा बेत आहे. हा बेत योर्नच्या डोक्यातून निघालेला नाही. तो माझा आहे, आणि माझ्याआधी माझ्या वडिलांचा.

कलम पहिले. राहते घर. माझी घरकामाची सोबतीण कोटरबाई हयात असेपर्यंत तिला खालच्या मजल्यावरून कोणी हलवू नये. घराला अकरा खोल्या आहेत आणि हिवाळ्यात मी तीनच गरम ठेवतो, याबद्दल तिने माझ्याशी पुष्कळ भांडून घेतले आहे. माझ्या पश्चात तिने सगळ्या अकरा गरम कराव्यात, बिल कारखान्याने भरावे. जुनी मोटार तिच्या भाच्याला द्यावी. आपण श्रीमंत आहोत हे गावाला कळू नये म्हणून आम्ही फेनेमान जन्मभर जुन्या मोटारी आणि जुने कोट वापरत आलो. गावाला ते माहीत होतेच.

कलम दुसरे. हत्यारे. कारखान्याच्या दारात काचेच्या पेटीत वडिलांचा हातदाबाचा साचा ठेवला आहे. युद्ध संपल्यावर, सेहेचाळीस साली, आमच्या धुण्याच्या खोलीत भंगार पत्र्याची झाकणे पाडून त्यांनी धंदा सुरू केला, असे त्याखाली लिहिले आहे. ते खरे आहे. त्या मजकुराखालची जागा मात्र रिकामी आहे, आणि तिथे पुढील मजकूर कोरावा अशी माझी आज्ञा आहे.

ती झाकणे विकली माझ्या थोरल्या बहिणीने, हेडविगने. सायकलवरून शेताशेतावर जायची आणि बदल्यात डुकराची चरबी आणि बटाटे आणायची. आम्ही त्यावर जगलो. शेतकरणींनी तिला सांगितले की ओल्या हाताने झाकण फिरत नाही, घसरते. तेव्हा कडेला खाचा पाडायचे तिने वडिलांना सुचवले. पेटंट वडिलांच्या नावावर निघाले. आज अर्ध्या युरोपातल्या काकड्या आणि मुरांबे त्या खाचांनी बंद होतात.

कलम तिसरे. एकोणसाठ साली हेडविगचे लग्न एका शाळामास्तराशी ठरले. लग्नाच्या आठवड्यात वडील तिला नोटरीकडे घेऊन गेले. कापडचोपड, शिवणयंत्र आणि थोडी रोकड, एवढ्यावर तिने सगळा हक्क सोडला. पुढे चौऱ्याहत्तर साली तिच्या नवऱ्याला क्षयाने गाठले आणि ती मदत मागायला माझ्या कचेरीत आली. तोवर सर्व कारभार माझ्या हातात आला होता. ती बसलीसुद्धा नाही. मी म्हणालो, "ताई, तू सही केली आहेस."

"हो रे," ती म्हणाली, "पण मी तुझी बहीण असल्याची सही कुठं केली नव्हती, म्हणून आले."

मी नाताळात तिला मेजवानीसाठी हंस तेवढा पाठवला. ती वारली तेव्हा सर्वांत मोठे पुष्पचक्र माझे होते. फितीवर "फेनेमान आणि मंडळी" असे कारखान्याचे नाव होते, कारण ते कारखान्याच्या खर्चात टाकता आले. आमच्याकडे थडग्याची जागा ठरावीक वर्षांसाठी भाड्याने मिळते. तिला मूलबाळ नव्हते. मुदत संपल्याची सूचना माझ्याकडे आली आणि ती कारखान्याची बाब नाही म्हणून मी बाजूला सारली. गेल्या वर्षी फुले घेऊन गेलो तर तिथे गवत होते. माळी म्हणाला, "साहेब, विचारलं होतं की तुम्हाला." दगड बसवायचा म्हटले तरी आता जागा नाही. म्हणून तिचे नाव काचेच्या पेटीखाली, वडिलांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत कोरावे.

कलम चौथे. हे कलम मी लिहिले होते आणि खोडले आहे. का, ते पुढे सांगतो.

कलम पाचवे. हे योर्नने दोनदा वाचावे. दरवर्षी एक मासिक देशातल्या धनवंतांची यादी छापते. आमचे नाव येऊ नये म्हणून मी वकील लावला, आणि यंदा कितवा आलो ते पाहायला अंक मात्र गुपचूप मागवत राहिलो. पत्रकार विचारत, गुपित काय? मी सांगे, मेहनत, काटकसर आणि कर्ज न काढणे. तिन्हींत खोटे काही नाही. पण नदीपलीकडचे झाकणवाले माझ्याहून मेहनती होते आणि माझ्याहून चिक्कू. त्यांच्यात तीन पिढ्यांत वाटण्या झाल्या आणि आता त्यांच्या शेडमध्ये गालिच्यांचे दुकान आहे. आमच्यात वाटणी झाली नाही, कारण वाटा मागू शकेल अशा प्रत्येकीने मागण्याआधीच सही केली होती. उद्योजकांच्या मेजवानीत माझ्या शेजारी बसणाऱ्या कित्येकांच्या घरी अशी एक बहीण आहे. आम्ही हरणाच्या मटणावर तासभर बोलतो, तिच्यावर बोलत नाही.

कलम सहावे. माझी मुलगी आल्मुट. शहाऐंशी सालच्या मार्चमध्ये, अठराव्या वाढदिवशी, मी तिला नोटरीकडे नेले. दस्त मोठ्याने वाचून दाखवणे त्याला बंधनकारक असते. त्याने गाडी चुकेल अशा घाईने वाचला. आल्मुटने विचारले, "बाबा, हे कशाचं आहे?" मी म्हणालो, "आपल्याकडं सगळ्याच करतात. आत्यानं पण केली होती." तिने सही केली. परतताना मोटारीत म्हणाली, "म्हणजे मी आता घरातली नाही का?" मी हसलो. म्हणालो, "वेडी का तू, केक वाट बघतोय."

विसाव्या वर्षी ती कारखान्याच्या यंत्रशाळेत उमेदवारी मागायला आली. "तू सही केली आहेस," हे हेडविगला सांगितलेले वाक्य मी तिलाही सांगितले, शब्द न बदलता. ती ब्रेमेनला गेली, सुईणीचे काम शिकली. आईच्या दफनाला आली होती, माझ्याशी हात मिळवून गेली. पाहुण्यांशी मिळवतात तसा.

गेल्या महिन्यात मी कारखान्याच्या खानावळीत योर्नजवळ बसलो. वाटाण्याचे सूप होते. म्हणालो, "विब्केची ती वेळ रद्द कर."

"बाबा, वाट तुम्हीच घालून दिली," तो म्हणाला. "ताईनं सही केली, आत्यानं केली. आभाळ कोसळलं का?"

"तुझी ताई माझ्याशी बोलत नाही."

"ती मुळातच तिरसट. अहो, नऊशे माणसं पोटाला लागलीत इथं. उद्या विब्केनं एखाद्या टोणग्याशी लग्न केलं, मोडलं, तर त्याच्या तोंडावर फेकायला मी यंत्रं विकू?"

ते वाक्य माझेच होते, टोणग्यासकट. एवढेच विचारले, "पोरीला सांगितलंस, सही कसली ते?"

"तिला घोडी घेऊन देतोय," योर्न म्हणाला. "खूश आहे ती."

कलम सातवे, म्हणजे या पत्राचा गाभा. कारखान्याचे निम्म्याहून जास्त भाग अजून माझ्या नावावर आहेत. त्यांतला अर्धा योर्नला, आणि उरलेला अर्धा विब्के व तिच्या भावाला समसमान. मात्र योर्नने, आज किंवा पुढे कधीही, या घरातल्या कोणाही मुलीकडून हक्कसोडपत्र करून घेतले, तर त्याचा वाटा त्याच दिवशी कामगारांच्या न्यासाकडे जाईल. कायद्याने तोडता येत नाही तेवढेच त्याला उरेल. नऊशे माणसांची काळजी त्याला आहेच, तेव्हा ती सोय त्याला रुचावी. या पत्राची नक्कल उद्याच त्याला व विब्केला पोचेल. तिने ती शांतपणे वाचावी, न कळेल ते आल्मुट आत्याला विचारावे.

आता चौथे कलम. त्यात मी माझा अर्धा भाग आल्मुटला दिला होता. ते सांगायला ब्रेमेनला गेलो. ती पाव कापत होती, कापत राहिली.

"आता?" म्हणाली. "पंचावन्नची झाले मी. काय करू, झाकणं मोजत बसू?"

"मग काय देऊ तुला?"

"मला काही नको. विब्केची सही थांबवा."

मी तिला साक्षीदार हो म्हणालो. मग मीच अडलो, कारण ज्याला मिळायचे त्याने साक्ष घालू नये ही साधी रीत आहे. ती म्हणाली, "मग सोपं आहे. माझं कलम खोडा." मी तिच्या टेबलावरच खोडले. माझ्या लेकीचा हक्क मी दुसऱ्यांदा काढून घेतला. यावेळी तिने सांगितले म्हणून, पण हात तोच होता, आणि रेघ ओढताना मला तिच्याकडे पाहवले नाही.

कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात, कारण हे आमच्या घरात आजवर कोणी मोठ्याने बोललेले नाही. आल्मुटच्या जोडीला साक्षीदार आहेत शेजारी एवाल्ड हुंके. कुंपणाच्या झाडांवरून आमचे वर्षानुवर्षे भांडण आहे, त्यामुळे ते माझ्या बाजूने खोटे बोलतील अशी शंका कोणाला येणार नाही. झाडे त्यांच्या म्हणण्याप्रमाणे छाटावीत.

आल्मुट आज सकाळच्या गाडीने आली. तिने सर्व वाचले. सहीखाली तिला काही लिहायचे आहे म्हणाली. मी जागा सोडली आहे. ती जे लिहील ते या मृत्युपत्राचा भाग समजावे.

ठिकाण होल्टरबेक, रविवार, दिनांक २९ ऑक्टोबर २०२३.

(सही) आर्नोल्ड फेनेमान

साक्षीदार पहिले: (सही) एवाल्ड हुंके, निवृत्त टपाल कर्मचारी. समक्ष सही झाली.

साक्षीदार दुसरी: (सही) आल्मुट फेनेमान, सुईण, ब्रेमेन. ही सही विब्केसाठी आहे. मी बाबांना माफ केलं, असा अर्थ यातून कोणी काढू नये.