कट्ट्याचे जागले

७ जानेवारी २००७

मिटलं एकदाचं! सेलूवाला अन् हिंगणघाटवाला दोन दिवस तर्रीपोह्यांवरून एकमेकांचे बाप काढत होते. कोणाच्या गावची तर्री अस्सल — एवढाच वाद! मी दोघांना वेगवेगळं समजावलं. आता दोघं एकमेकांना जेवायला बोलावताहेत.

पण डोळा साथ देत नाही. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकला, फेब्रुवारीत काढू. वर महिनाभर कॉम्प्युटरचं तोंड बघायचं नाही म्हणे! बंगलोरहून पोराचा फोन. "बाबा, तेवढे दिवस कट्टा बंद ठेवा."

बंद? वर्धा कट्टा काय दुकान आहे, शटर ओढायला? टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यावर मी हा इंटरनेटवर उभा केला. अमेरिकेतला आर्वीचा माणूस अन् देवळीचा माणूस इथे मराठीत बोलतात. बंद ठेवला तर महिन्यात लोक पांगतील. पुन्हा जमा होणं कठीण.

माणसं तयार करावी लागतील.

१० जानेवारी

"मॉडरेटर पाहिजेत" अशी सूचना टाकली. सौ. प्रमिला चहा देता देता म्हणाली, "मोटर पाहिजे? कायले? विहीर तर नाई आपल्याकडं!"

शब्द बदलला. जागले! वावरात रात्री राखणीला, जागलीवर, बसतो तो. डुकरं हाकलतो, पीक तुडवत नाही. ह्याहून चांगला शब्द कोणी दाखवावा मला.

बरीच नावं आली. तीन निवडली. गजेंद्र, अल्लीपूरचा, कापडाचं दुकान. गल्ल्यावर बसल्या बसल्या दिवसभर कट्टा वाचतो. रीता, माहेर वर्धा, सासर पुणे. अन् रोशनी, आंजीची, बी.एस्सी.ला आहे. लिहिते कमी, पण लिहिलं की वाद तिथेच थांबतो.

१४ जानेवारी

पहिला वर्ग, आमच्या पिपरीच्या घरी. गजेंद्र मोटरसायकलवर, रोशनी बसने, रीता पुण्याहून फोनवर. प्रमिलाने तिळाचे लाडू दिले, म्हणाली, "गोड बोलाले शिकवा ह्यायलेच आधी."

मी कट्ट्यावर एक कुलपातला धागा काढलाय, चर्चेचं पान म्हणा, फक्त आम्हा चौघांना दिसतो. तिथे मी खोट्या नावाने तर्रीपोह्यांवरून भांडायचं, ह्यांनी आवरायचं. मी स्वतःलाच "म्हातारा खडूस" अशी शिवी दिली — अन् गजेंद्रने तिसऱ्या वाक्याला मला कायमचं हाकललं!

"अरे, हाक तर मारशील आधी?"

"कायची हाक काका! असे लोकं एकदम बाहेर पाह्यजेत."

रीताची दुसरीच तऱ्हा. कोणी मित्राला "काय बे" लिहिलं की उडवलंच. पुण्यात राहून विसरली! दोस्ताला "बे" म्हणजे प्रेम, वडीलधाऱ्याला "बे" म्हणजे भांडण. फोनवर अर्धा तास हसलो.

शेवटी नियम सांगितला : आधी हाक, मग गोटा. हाक म्हणजे पोस्ट काढायची अन् समजवायचं. गोटा म्हणजे सात दिवस बंदी.

रोशनीने कोणालाच हाकललं नाही. मला खाजगीत लिहिलं, "काका, तुम्हाले राग कायचा आला ते सांगा, पोहे तर आपन नंतर पाहू." मी खोटा भांडत होतो तरी शांत झालो! वा गं पोरी.

२० जानेवारी

लाइट दुपारभर नाही. आली तेव्हा कट्ट्यावर नवा माणूस — तानबा. भंडाऱ्याहून बदलीवर आलाय, पिपरी मेघेत खोली पाहिजे. भराभर उत्तरं आली. गजेंद्र तर म्हणाला, माझ्या मेव्हण्याची खोली रिकामी आहे, उद्याच येजो!

मीही माझं नेहमीचं स्वागत टाकलं : "या, बसा! कोन्या गावचे? आडनाव काय आपलं?" त्याने लगेच सांगितलं, रामटेके.

असा कट्टा चालला पाहिजे. माणूस आला नाही तोच खोली तयार!

२४ जानेवारी

रोशनी कॉलेज आटोपून घरी आली. बसली नाही. म्हणाली, "काका, तानबाचा धागा उघडा."

उघडला. आडनाव सांगितल्यानंतर एकच उत्तर. गजेंद्रचं — ती खोली गेली. मग तिने दुसरा धागा दाखवला. कालचा. गजेंद्रचाच. मेव्हण्याची खोली भाड्याने देणे आहे.

मी म्हटलं, अगं, चुकून राहिलं असेल.

"चुकून नाई काका. अन् त्याले आडनाव गजेंद्रदादानं नाई विचारलं. तुमी विचारलं."

"ओळख लागावी म्हणून विचारतो मी! सोयरा निघतो, गाववाला निघतो."

"लागते ना ओळख. आमची बी लागते. आडनाव सांगितलं का लगेच लागते."

ती दारापर्यंत गेली अन् वळली. "तो प्रश्न राह्यला तर मी जागली करनार नाई. राग नाई तुमच्यावर. पन नाई करनार."

२५ जानेवारी

मला शिकवते! काल आलेली पोर!

२६ जानेवारी

झेंडावंदनाहून आलो, जेवलो नाही धड. प्रमिलाने सगळं वदवून घेतलं. ऐकून म्हणाली, "लग्नाआधी तुमी माझं आडनावच पाह्यलं होतं ना पहिले? मंग ते कायले विचारतात, हे तुम्हाले नाई माहीत?"

ताट बाजूला सारलं. माहीत आहे. कोणाला माहीत नाही?

२७ जानेवारी

गजेंद्रला फोन. आधी टाळाटाळ, मग कबूल. "मेव्हणा नाई म्हने काका. मी काय करू? माह्या हातात हाय काय?"

"खोली तुझ्या हातात नाही. खोटं बोलणं होतं ना?"

फोन ठेवला अन् ठरवलं, ह्याला जागल्यांमधून काढायचा. रोशनीला तसं सांगितलं, खूश होईल म्हणून. ती म्हणाली, "काढू नका. ते दुसरीकडं जाऊन हेच करतीन. इथं राहून नियम पाळू द्या त्याईले."

माझा राग त्याच्यावर, अन् त्याची बाजू ती घेते! ह्या पोरीला मी नाही शिकवलं हे. पण माझ्या हाताखाली शिकतेय हे तर खरं ना? छाती फुगली, काय लपवू.

२ फेब्रुवारी

स्वागताचा मजकूर बदलला. आता फक्त : "या, बसा. काय म्हणता?" अन् नियमांत सर्वांत वर — कट्ट्यावर कोणी कोणाचं आडनाव विचारणार नाही.

गदारोळ झाला. "मंग ओळख कशी लागंन?" हा पहिला आवाज गजेंद्रचाच! दोन जुने सदस्य निघून गेले. जाऊ दे. रोशनीने प्रत्येकाला उत्तर दिलं, एकदाही आवाज न चढवता. मी नुसता बघत होतो, एका डोळ्याने का होईना.

तानबाला खोली मिळाली. कट्ट्यावरून नाही, त्याच्या ऑफिसातल्या कोणाकडून. मला ते लागलं.

११ फेब्रुवारी

उद्या ऑपरेशन. आज तिघांना कट्ट्याच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, दिल्या. गजेंद्र खाली मान घालून म्हणाला, "मलेही?" म्हटलं, हो, तुलाही. डोळ्याची भीती नाही, कट्ट्याची आहे.

२५ फेब्रुवारी

चोरून लिहितोय, मोठ्या अक्षरात. प्रमिला कॉम्प्युटरवर चादर टाकून बसली आहे. कट्ट्याचं काय चाललंय विचारलं तर म्हणते, "तुमच्यावाचून अडलं नाई." आनंद मानावा की दुःख?

७ मार्च

रीताचा फोन. तीन आठवड्यांत एकच मोठं भांडण, तेही हाकेवरच मिटलं. नवे लोक रोज येताहेत. माझ्या तीन जागल्यांनी पीक राखलं! प्रमिलाला म्हटलं, तोंड गोड करायला गोरसपाक आण. म्हणाली, डोळे उघडा मग आणते.

१५ मार्च

चादर निघाली! अक्षरं कशी लख्ख दिसतात! पहिलाच नवा माणूस आला अन् माझी बोटं आपोआप चालली — "या या, बसा! आडनाव काय आपलं?"

चहा संपायच्या आत पोस्ट गायब. खाली निरोप : "काका, नियम पहिला. ही हाक हाय. दुसऱ्यांदा गोटा. — जागल्या."

आनंदाने डोळे भरले, नवासुद्धा. लगेच रोशनीला फोन लावला. शाब्बास पोरी, म्हटलं, मलाही नाही सोडलंस!

"मी कुठं काका? मी तर बसमधे हाओ. आज गजेंद्रदादाची पाळी हाय."