खेळाच्या पैशातलं दार

सर, आज तुम्ही असता तर आधी खूश झाला असता आणि मग माझ्यावर चिडला असता. दिल्लीहून राज्याला येणारा शाळेचा पैसा आता पूर्वीसारखा एकेका कामाला बांधलेला नाही. त्यातला काही भाग शाळेच्या गरजेप्रमाणे वापरा, गरज शाळेच्या समितीनं ठरवावी, असं पत्र आलंय. तुम्ही नोकरीभर एवढंच तर मागत होतात.

तेव्हा खेळाचा पैसा खेळालाच लावायचा, असा नियम. आपल्या शाळेत मुलींच्या संडासाला दार नव्हतं. सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जायच्या, त्या परत यायच्याच नाहीत. तुम्ही खेळाच्या पैशातून दार बसवलंत. सुताराला माप मीच दिलं होतं. मग तपासणी आली. साहेब विचारतात, "खेळाचं साहित्य कुठंय?" तुम्ही त्यांना सरळ त्या दारापाशी नेता. "हे घ्या, साहेब. पोरी आता दिवसभर शाळेत राह्यल्यात." साहेब माझ्याकडे वळतात. "बाई, तुम्हाला माहीत होतं?" नोकरी नवी. मी म्हणते, "न्हाई, साहेब." वसुली तुमच्या पगारातून झाली. जाफराबादच्या बसमध्ये तुम्ही एवढंच बोललात, "माझं जाऊ द्या, बाई. पोरी तिथंच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं." त्यानंतर मी तुमच्याशी कधी धड बोलू शकले नाही, आणि तुम्ही गेलात.

आता तुमच्या जागी मुख्याध्यापिका मी आहे. चौथीच्या वर्गात छताचा गिलावा सुटतोय. परवा हाताएवढा तुकडा बाकावर पडला, मुलं जेवायला बाहेर होती म्हणून निभावलं. तेव्हापासून त्या वर्गात कुणी मोठ्यानं बाक सरकवला तरी मी आधी वर छताकडे बघते. आज सकाळी समितीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, गेटला मस्त कमान करू. रस्त्यावरून शाळा दिसली पायजे. तुमचं काय म्हन्नं?" कमान म्हणे! खाली त्यांचं नाव येणार, हे सगळ्यांना ठाऊक. मागं बसलेल्या दोन आया माझ्याकडे बघत होत्या. त्यांची मुलं चौथीतच आहेत.

दुपारपासून मी मनातल्या मनात अध्यक्षांशी भांडतेय. मग वही ओढून तुम्हाला लिहायला बसले, जसं काही हे पत्र कुठं पोचणार आहे. सर, छताचा विषय मी बैठकीत काढलाच नाही. या वेळी आड यायला नियमही नव्हता. अध्यक्षांनी विचारलं, आणि मी म्हणाले, "बराबर हाय."